वाचून दाखवलं, समजावून सांगितलं

वकिलीच्या अभ्यासक्रमात एक विषय असा आहे, की त्याच्या तासाला मुलं डबा खातात. त्याचं नाव व्यावसायिक नीतिमत्ता. पाठ करायला सोपा, मार्क देणारा आणि पुढे आयुष्यात कुठेही आडवा न येणारा, अशी त्याची ख्याती. तेलंगणातल्या आमच्या आदिलाबाद भागातल्या एका लॉ कॉलेजात तो शिकवायला कोणी मिळेना, तेव्हा प्राचार्यांनी मला फोन केला. "मॅडम, फक्त शनिवारी दोन तास. तुमची वीस-बावीस वर्षं प्रॅक्टिस झालीय, तुम्हाला काय तयारी लागणार?" मी तिथल्या तिथे हो म्हटलं. मला इतका आनंद झाला की कोर्टाच्या व्हरांड्यातूनच नवऱ्याला फोन लावला. तो बँकेत कामात होता, "बरं, बरं" एवढंच म्हणाला. याचाही मला राग आला.

पहिले तीन शनिवार मी पुस्तकातून शिकवलं. वकिलाची कोर्टाप्रती कर्तव्यं, पक्षकाराप्रती कर्तव्यं, समोरच्या वकिलाप्रती कर्तव्यं. वर्गात वीसेक जण. मागच्या बाकांवर मोबाइल, मधल्या बाकांवर जांभया. पहिल्या बाकावर निर्मलहून येणारे एक निवृत्त हेडमास्तर, साठीनंतर कायदा शिकायची हौस आलेले. ते सगळं उतरवून घेत आणि दर दहा मिनिटांनी विचारत, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" त्यांच्या शेजारी बाजारहत्नूरची एक मुलगी बसायची. घरी शेती, कापूस आणि ज्वारी. ती काहीच विचारत नसे, नुसती बघत असे. तिच्या बघण्याने मला जास्त चीड यायची, कारण तिला कंटाळा आलाय हे मला कळत होतं आणि तिचं बरोबर आहे हेही कळत होतं.

तिसऱ्या शनिवारी हेडमास्तरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि माझं डोकं फिरलं. मी पुस्तक पिशवीत कोंबलं. म्हटलं, "पुढच्या शनिवारपासून पुस्तक बंद. आता कागद."

चौथ्या शनिवारी मी माझ्या जुन्या फायलींमधल्या दहा प्रतिज्ञापत्रांच्या झेरॉक्स नेल्या, नावं आणि गावं काळ्या शाईने झाकून. प्रतिज्ञापत्र म्हणजे माणसाने शपथेवर सांगितलेली हकिकत. ती वकील लिहितो, सांगणारा फक्त सही करतो किंवा अंगठा देतो. आमच्याकडे ती इंग्रजीत लिहितात. सांगणारा बोलतो मराठीत, टिपून घेणारा गुमास्ता, म्हणजे वकिलाचा कारकून, टिपतो तेलुगूत, आणि वकील त्याचं इंग्रजी करतो. इतक्या हातांतून गेलेल्या गोष्टीचं काय होत असेल, याचा विचार मी खरं तर बावीस वर्षं केला नव्हता. मुलांना मी म्हटलं, दोघादोघांच्या जोड्या करा. एकाने वकील व्हा, एकाने अशिक्षित पक्षकार. वकिलाने हा कागद पक्षकाराला त्याच्या बोलीत वाचून दाखवा. ओळ न ओळ.

काय मजा आली म्हणून सांगू! वकील झालेल्यांची पार तारांबळ उडाली. इंग्रजी वाक्य वाचायचं, त्याचा अर्थ स्वतःला लावायचा आणि मग समोरच्याला सांगायचा. एक जण "सदर इसमाने" असं म्हणाला, तर त्याची पक्षकार झालेली मुलगी म्हणाली, "सदर कोण? आमच्या गावात सदर नावाचा कोणी नाई." वर्ग खदाखदा हसला. शेजारच्या वर्गातले सर येऊन डोकावून गेले. मोबाइल कधी खिशात गेले ते मुलांनाही कळलं नाही. मी त्या दिवशी घरी चालत आले, रिक्षा करायचं सुचलंच नाही.

मग मला आणखी हुरूप चढला, आणि तिथेच घोटाळा झाला.

त्या सुमारास माझ्याकडे एक दावा चालू होता. पैनगंगेच्या अलीकडच्या एका गावातली एक बाई, साठी ओलांडलेली, विधवा. मी तिला मावशी म्हणते. वडिलांच्या शेतात दोन भावांबरोबर तिसरा हिस्सा तिचा आहे, एवढंच तिचं म्हणणं. सासरची जमीन नाही, मुलगा नाही, राहते नवऱ्याच्या भाच्याच्या ओसरीवर. त्या हिश्शावर तिला दोन खोल्या बांधायच्या होत्या, आपल्या नावाच्या जागेत. भावांनी कोर्टात एक स्टँप पेपर हजर केला होता. त्यावर लिहिलेलं की, वाटणी पूर्वीच तोंडी झाली, बहिणीने आपला हिस्सा खुशीने सोडला. खाली तिच्या अंगठ्याचा ठसा. मंगळवारी तिची पेशी, म्हणजे कोर्टाची तारीख, होती. तिचं सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र मागच्या पेशीला मी दाखल केलं होतं. आता तिने पिंजऱ्यात उभं राहून "हे माझंच म्हणणं" असं सांगायचं आणि समोरच्या वकिलाने उलटतपासणी घ्यायची.

आमच्याकडे पेशीच्या आधी साक्षीदाराला ऑफिसात बोलावून बाकावर बसवतात आणि गुमास्ता त्याचा पाठ घेतो. असं विचारलं तर असं म्हणायचं, तसं विचारलं तर आठवत नाही म्हणायचं. सगळेच करतात. मी त्याला उजळणी म्हणत असे, म्हणजे जरा शोभून दिसतं. मावशी उजळणीसाठी शनिवारी सकाळच्या बसने आली, फडक्यात भाकरी बांधून. मला एकदम कल्पना सुचली. म्हटलं, "मावशी, कॉलेजात येता का? मुलं तुमचा कागद तुम्हाला वाचून दाखवतील. त्यांचं शिकणं होईल, तुमची उजळणी होईल."

"येतो ना," ती म्हणाली. "लेकरं शिकून राह्यले तं शिकू दे."

वर्गात तिच्यासाठी खुर्ची मांडली. ती खुर्चीवर मांडी घालून बसली आणि सगळ्यांकडे बघून हसली. मी बाजारहत्नूरच्या मुलीला पुढे बोलावलं, कारण तिची आणि मावशीची बोली एकच. माझा आनंद गगनात मावत नव्हता. खरा कागद, खरा पक्षकार, खरी पेशी तीन दिवसांवर! असा तास मला कोणी दिला असता तर मी किती लवकर शहाणी झाले असते, असं काहीतरी मी मनात म्हणत होते.

मुलीने आधी शेवटची ओळ बघितली. मीच तसं शिकवलं होतं, आधी तळ बघा. तिथे नेहमीचं छापील वाक्य होतं: वरील मजकूर तेलुगूत वाचून दाखवला, समजावून सांगितला, आणि प्रतिज्ञा करणारीने तो खरा असल्याचं मान्य केलं.

"आजी, तुमाले तेलुगू येते का?" तिने विचारलं.

"बजारापुरतं येते," मावशी म्हणाली. "कांदे, मिरच्या, अन् बस कवा सुटते ते."

वर्ग हसला. मीही हसले, पण माझे कान तापले. मुलगी वाचू लागली. पहिला परिच्छेद, तिचं नाव, गाव. दुसरा, वडील कधी वारले. मावशी माना डोलवत होती. पाचव्यापर्यंत सगळं सुरळीत गेलं. सहाव्यात मुलगी जरा थांबली, मग म्हणाली, "इथं लिवलंय, त्या वाटणीच्या कागदावर मी अंगठा लावलाच नाई. तो ठसा माहा नाई, कोणीतरी खोटा केला. मी त्या दिवशी तिथं गेलीच नोती."

"असं कोण म्हणलं?" मावशी म्हणाली.

"तुमी. इथं लिवलंय."

"मी काऊन असं म्हणंन? मी गेली होती. तहसिलीत, यमारो हापिसासमोर टेबल लावून बसतात ना लिवणारे, तिथं. माह्या हातानं लावला मी अंगठा. भाऊ म्हणला, बाबाचं नाव काढून आपल्या तिघाचं चढवाचं हाय. म्हून लावला."

कागद मी मुलीच्या हातातून घेतला आणि सहावा परिच्छेद स्वतः वाचला. वाचता वाचताच ओळखीचा वाटला. तो दुसऱ्याच एका बाईच्या जुन्या दाव्यातला होता. तिचा अंगठा खरोखर खोटा केलेला होता. दावे सारखे, म्हणून गुमास्त्याने कॉम्प्युटरवर तो जुना मसुदा उघडला, नावं बदलली, सर्व्हे नंबर बदलले, आणि सहावा परिच्छेद जसाच्या तसा राहून गेला. दाव्याचा अर्ज मी स्वतः बसून लिहिला होता, पण तेव्हा भावांचा कागद पुढे आलेला नव्हता, त्यात अंगठ्याचा विषयच नव्हता. प्रतिज्ञापत्राच्या वेळी मी घाईत होते. मी तळाशी सही केली आणि मावशीला म्हटलं, "इथे अंगठा द्या." तिने दिला.

मावशी माझ्याकडे बघत होती. रागावलेली नव्हती, तिला खरंच कळून घ्यायचं होतं. म्हणाली, "भावानं वाचून नाई दाखवलं, वकीलबाई. तुमीबी नाई दाखवलं. मंग माह्या जागी मी काय समजाचं?"

मला भर वर्गात तोंडात बसल्यासारखं झालं. वीस जोड्या डोळे माझ्यावर. आणि तेवढ्यात निर्मलचे हेडमास्तर उभे राहिले. मला वाटलं, परीक्षेला येतं का विचारतात की काय. ते हळूच म्हणाले, "मॅडम, या बाई तुम्हाला जे सांगतायत, ते आम्ही ऐकायला हवं होतं का?"

अरे देवा. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट दोघांतच राहायला हवी, हे मी दुसऱ्या शनिवारी स्वतः लिहून दिलं होतं. आणि मी तिला सगळ्या वर्गासमोर बोलती केली होती, माझ्या हौसेपायी. एका तासात दोन चुका, दोन्ही माझ्या. मी मुलांकडून शब्द घेतला की इथलं इथेच राहील, आणि तास संपवला. बाजारहत्नूरची मुलगी दारापर्यंत आली. तीन शनिवार गप्प राहिलेली पोरगी, आता थेट डोळ्यांत बघून विचारत होती, "मॅडम, आता काय करणार?"

"बघते," मी म्हटलं, आणि तिच्यावर उगीचच चिडले.

ऑफिसात गुमास्ता आमची वाटच बघत होता. त्याला सांगितलं तर तो जराही हलला नाही. म्हणाला, "क्या हुआ मॅडम? अच्छाच है." त्याचा हिशेब सरळ होता. स्टँप पेपरवरचा ठसा इतका पुसट की तज्ज्ञालाही काही सांगता येणार नाही. अम्माने पिंजऱ्यात "माझा नाही" म्हटलं की भावांचा कागद गेला. "माझा आहे" म्हटलं की कागद उभा राहिला, आणि मग फसवलं हे सिद्ध करत बसा. शिवाय कोर्टात जाऊन आपणच आपलं प्रतिज्ञापत्र चुकलं म्हणायचं? बार रूममध्ये बाकीचे वकील काय म्हणतील? तो बाकावर जागा करून मावशीचा पाठ घ्यायला सज्ज झाला.

मी कबूल करते, मिनिटभर मलाही ते बरं वाटलं. एका वाक्यात दावा हातात येत होता आणि माझं नावही झाकलं जात होतं. मग मी मावशीला समोर बसवलं आणि दोन्ही बाजू सांगितल्या, जितक्या सोप्या करून सांगता येतील तितक्या. खरं बोललात तर हिस्सा हातचा जाऊ शकतो, हे तिला दोनदा सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. दुसरा वकील करायचा असेल तर मी फाईल देते, म्हटलं.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण त्या दोन खोल्यांचा विषय होता. मग म्हणाली, "पेशीले भाऊ येते का?"

"येतात. समोरच बसतात."

"त्याच्या समोर नाई म्हणू? त्यानंच तं माहा हात धरून शाईवर टेकवला होता. त्याले ठाऊक हाय, मलेबी ठाऊक हाय." तिने डोळे पुसले. "लावला म्हणंन. अन् काऊन लावला तेबी म्हणंन. अन् वकील तुमीच राहा. आता वाचाले शिकल्या तुमी."

मी हसले की रडले, मला आठवत नाही. गुमास्त्याने कपाळाला हात लावला आणि चहा सांगायला उठला. मावशी मग मुक्कामालाच राहिली. सोमवारी मी नवीन प्रतिज्ञापत्र लिहिलं आणि ते तिला मराठीत, सावकाश, तिच्याच शब्दांत वाचून दाखवलं. दीड तास लागला. दोन ठिकाणी तिने मला अडवलं. तळाचं छापील वाक्य काढून तिथे लिहिलं की हा मजकूर मी स्वतः मराठीत वाचून दाखवला.

मंगळवारी कोर्टात मागच्या बाकांवर माझा वर्ग येऊन बसला. मी बोलावलं नव्हतं, पण कोर्ट सगळ्यांना उघडं असतं. हेडमास्तर वही घेऊन आले होते. त्यांना बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं आणि त्याच वेळी असा काही उत्साह चढला की विचारू नका. न्यायाधीश तरुण, वरंगलकडचे, मराठी नुकतंच कळू लागलेले. मावशी पिंजऱ्यात चढली आणि मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, दाखल केलेल्या प्रतिज्ञापत्रातला सहावा परिच्छेद चुकीचा आहे. चूक माझी आहे, साक्षीदाराची नाही. दुरुस्त प्रतिज्ञापत्र दाखल करायची परवानगी द्यावी."

समोरचे वकील वयाने माझ्यापेक्षा मोठे, मिश्कील. ते आनंदाने उठले. साक्षीदार रंग बदलतेय, असा त्यांनी कडकडून विरोध केला. साहेबांनी परवानगी दिली, पण पहिलंही रेकॉर्डवर राहील, विचारायचं ते उलटतपासणीत विचारा, म्हणाले.

त्यांनी विचारलंच. तेलुगूतला प्रश्न कोर्टातला बेंच क्लार्क मराठीत करून सांगत होता.

"पहिल्या कागदावर अंगठा तुमचाच ना?"

"माहाच."

"त्यात म्हणता, वाटणीच्या कागदावर अंगठा लावला नाही. आता म्हणता, लावला. यातलं खोटं कोणतं?"

"पैलं खोटं. लावला होता मी."

"मग ते खोटं कोणी लिहिलं?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. "वकीलबाईच्या हापिसात लिवलं. तिनं मले वाचून नाई दाखवलं."

"म्हणजे कोणीही कागद पुढे केला की तुम्ही न वाचता अंगठा लावता?"

"मले वाचता येत असतं बाप्पा, तं मी तुमा लोकाच्या दारात काऊन आली असती? भावानं सांगतलं, आपल्या तिघाचं नाव चढवाचं हाय. सख्खा भाऊ. त्याले काय म्हणू, वाचून दाखव?"

समोर बसलेल्या भावाने मान खाली घातली. वकीलसाहेब आणखी चार प्रश्न विचारून बसले, ठरवलं होतं त्यापेक्षा लवकर, असं मला वाटलं. दाव्याचा निकाल अजून लागायचा आहे, आणि खरं बोलून मावशीचं भलं झालं की नुकसान, हे आज मलाही सांगता येणार नाही.

साहेबांनी मावशीची जबानी टायपिस्टला इंग्रजीत सांगितली, त्याने कागद छापून काढला. बेंच क्लार्कने शाईचं पॅड पुढे केलं आणि बोटाने जागा दाखवली. रोज पन्नास वेळा होतं तसंच. मावशीने हात पदराखाली घेतला.

"आदी वाचा."

"आजी, सगळं बरोबर आहे," क्लार्क दबक्या आवाजात म्हणाला. "खुद्द साहेबांनी सांगितलंय."

"साहेबाचं बरोबरच असंल. माहं बरोबर हाय का, तेवढं पाहू दे."

कोर्टात कुजबुज झाली. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, मग मावशीकडे. पेन खाली ठेवला. "चदवंडी," क्लार्कला म्हणाले, वाचा. "मराठीत."

पुढचे दावे ताटकळत राहिले आणि क्लार्क एकेक ओळ मराठी करत वाचत गेला. मावशी "हो", "हो" म्हणत होती. मग तो वाचू लागला, "माझं पहिलं प्रतिज्ञापत्र कार्यालयातल्या नजरचुकीने तसं तयार झालं."

"नजरचूक नाई म्हटली मी," मावशी म्हणाली. "मी म्हटलं, वकीलबाईनं वाचून नाई दाखवलं."

साहेबांनी ते वाक्य माझी अब्रू राखायला मऊ केलं होतं. आता ते माझ्याकडे बघत होते. समोरचे वकील बघत होते, माझा वर्ग बघत होता, बाजारहत्नूरची मुलगी बाकावरून अर्धी उठली होती. ते वाक्य रेकॉर्डमध्ये कायमचं राहणार होतं. उद्या कोणीही नक्कल काढून वाचणार होतं. मला जन्मात वाटला नव्हता इतका मोकळेपणा वाटत होता.

"साक्षीदार बरोबर सांगतेय, साहेब," मी म्हटलं. "तसंच लिहा."

साहेबांनी ओळ खोडली, वर हाताने नवी लिहिली आणि बाजूला सही केली. क्लार्कने ती पुन्हा वाचून दाखवली. मावशीने नीट ऐकलं, आणि मग अंगठा पुढे केला.